ओसरीवरची रायफल

जबाब देणार: इर्मा आर्वो लाहटी, वय ६६ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, रा. हेमलॉक क्रीक, मिशिगन. जबाब लिहून घेणार: डेप्युटी नॉर्ड, शेरीफ कचेरी. दिनांक ३ नोव्हेंबर, सकाळ.

मी वर लिहिलेली बाई. मला काल फोन आला म्हणून आज स्वतः गाडी चालवत कचेरीत आले आहे आणि विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे.

माझे थोरले दीर विल्हो लाहटी यांनी गेल्या आठवड्यात इथे तक्रार दिली की आमच्या कॅम्पमधून एक रायफल चोरीस गेली. कॅम्प म्हणजे केटल तळ्यामागच्या जंगलात माझ्या सासऱ्यांनी बांधलेली लाकडी झोपडी. पुढे ओसरी आहे, बाजूला वाफेची न्हाणी म्हणजे सौना आहे. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते तेव्हा घरातले पुरुष तिथे जाऊन राहतात. झोपडी विल्हो आणि माझे पती आर्वो या दोघा भावांची. आर्वो दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांची निम्मी आता माझी. तक्रार देण्याआधी विल्होंनी मला विचारले नाही. विचारले असते तर आपल्या कचेरीचा वेळ वाचला असता.

सदर रायफल स्वस्तातली होती. खाणीतले काम सुटले त्या वर्षी आर्वोंनी ती शहरातल्या मोठ्या दुकानातून आणली. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, दुर्बीण आधीच बसवलेली, सगळे एका खोक्यात. ती त्यांनी आमचा मुलगा रूडी याच्यासाठी आणली. रूडी तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि तोवर दुसऱ्यांकडून मागून घेतलेल्या बंदुकीने शिकार करत होता. आर्वोंनी खोके स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले आणि "ही तुझी," एवढेच म्हणाले. आमच्या घरात एवढे बोलणे म्हणजे भाषण झाले.

विल्होंकडे सासऱ्यांची जुनी रायफल आहे, अक्रोडाच्या लाकडाची, हात फिरवावा अशी. नवी बंदूक पाहून ते कॅम्पवर सर्वांसमोर म्हणाले की हिने हरीण मरायचे नाही, हसून हसून पळेल. आर्वोंचे म्हणणे असे होते की स्वस्त बंदुकीत पैसे वाचवतात ते लाकडात आणि चकाकीत, नळीत नाही. "हरणाला किंमत वाचता येत नाही," असे ते म्हणत. पण विल्होंची थट्टा त्यांना लागली होती. काम सुटलेल्या माणसाला असले बोलणे जरा जास्तच लागते.

शिकारीच्या पहिल्या दिवशी सकाळी रूडीसमोर मोठा नर आला. शिंगे फांदीसारखी पसरलेली, असे तो सांगे. रूडीने नेम धरला, चाप ओढला. आत नुसते खट् झाले. गोळी सुटली नाही. त्याने दुसऱ्यांदा ओढला, पुन्हा खट्. नर मान वर करून त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि मग निघून गेला.

आमच्याकडे अशी रीत आहे की समोरचे हरीण ज्याच्या हातून गेले त्याच्या सदऱ्याचे मागचे शेपूट, म्हणजे खालचा लोंबता भाग, कापायचे आणि नाव नि साल घालून कॅम्पच्या तुळईला ठोकायचे. तिथे माझ्या सासऱ्यांच्या काळापासूनची शेपटे आहेत. चेष्टा असते, कोणी मनावर घेत नाही. त्या संध्याकाळी विल्होंनी कात्री काढली. रूडी म्हणाला, "काका, माझा नेम चुकला नाही. बंदूक उडालीच नाही."

विल्हो म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. वळ."

सगळे हसले. शेपूट कापले गेले. तेव्हा रूडी आपल्या वडिलांकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्हाला जरा बरी आणता आली नसती का?" आर्वो हातात हातोडी घेऊन उभे होते. त्यांनी शेपूट तुळईला ठोकले. मी तिथे नव्हते, पण हे मला विल्होंनी, आर्वोंनी आणि रूडीने वेगवेगळे सांगितले आणि तिघांचे यात तरी एकमत आहे.

नाताळानंतर रूडी नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर कामाला गेला. बंदूक नेली नाही. सुरुवातीला फोन येत. आर्वो फोन हातात घेऊन तिकडे बर्फ किती, इकडे किती, असे विचारत आणि माझ्याकडे देत. मग फोन सणावारी येऊ लागले, मग नंबरच लागेना. आर्वो गेले तेव्हा मी त्या नंबरावर पुन्हा पुन्हा फोन केला. वर्तमानपत्रात बातमी दिली. तो आला नाही. त्याला कळले की नाही हे मला माहीत नाही.

मला त्याची फार आठवण येते. हे जबाबात बसते का असे मी विचारले. डेप्युटी नॉर्ड म्हणाले, "काकू, तुम्ही सांगा, मी लिहितो." ते शाळेत माझ्या हातचे खाऊन मोठे झाले आहेत म्हणून मला काकू म्हणतात. तर लिहावे. वेलदोड्याचा पाव भाजला की मी अजून कडेचा तुकडा बाजूला काढून ठेवते, कारण त्याला कडेचा लागतो. दुसऱ्या दिवशी तो मीच खाते.

बंदूक का उडाली नाही, हे मला आर्वोंनी दोन हिवाळ्यांनंतर सांगितले. शनिवार होता, आम्ही सौनात बसलो होतो. आर्वो जे काही बोलत ते तिथेच, अंधारात आणि वाफेत, समोरच्याचे तोंड दिसत नाही तिथे. ते म्हणाले, "इर्मा, बंदूक मी आत आणली होती."

इथे राहणाऱ्याला याहून जास्त सांगावे लागत नाही. तरी लिहून ठेवायचे तर असे: आमच्याकडे कॅम्पवर बंदूक कधी घरात आणत नाहीत. ती रात्रभर बाहेर ओसरीवरच्या खुंटीवर थंडीत राहते. गार लोखंड शेगडीच्या उबेत आणले की त्याला आतून घाम फुटतो आणि सकाळी पुन्हा बाहेर नेले की त्या घामाचा बर्फ होतो. मग काडतुसावर आपटणारी पिन आतल्या आत अडकते आणि काडतुसाला नुसती टिचकी मारते. शहरातून आलेले पाहुणे ही चूक करतात आणि त्यावर आपले लोक वर्षभर हसतात. हे सगळ्या पोरांना शिकवले ते आर्वोंनीच.

शिकारीच्या आदल्या दिवशी विल्होंची थट्टा ऐकून आर्वोंना वाटले की मुलाची बंदूक उद्या सगळ्यांत चांगली चालली पाहिजे. बाकीचे पत्ते खेळत असताना त्यांनी ती आतल्या खोलीत आणली, शेगडीजवळ बसून पुसली, तेल दिले, तेही गरजेपेक्षा जास्त, पुन्हा पुसली. जेवण झाल्यावर गुपचूप खुंटीवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी रूडीने खट् झाल्याचे सांगितले, त्याच क्षणी काय झाले ते त्यांना कळले होते. पण सर्वांसमोर तोंडातून शब्द फुटला नाही. माया करायला गेले आणि घात झाला. मी त्यांना म्हटले, आता तरी फोनवर सांगा. ते म्हणाले, सांगतो. पुढच्या फोनवर त्यांनी बर्फ किती ते विचारले.

त्यानंतर मात्र आर्वो दर वर्षी तीच बंदूक घेऊन जात. ती पहिल्या चापाला उडत असे, एकदाही दगा दिला नाही. आमचा फ्रीज त्याच बंदुकीने भरला. एकदा विल्होंच्या दुर्बिणीत धुके धरले तेव्हा त्यांनीही तीच मागून घेतली आणि नर पाडला. त्यावर त्यांचे म्हणणे असे की हरीण फारच जवळ होते.

इथे डेप्युटींनी विचारले की अशी स्वस्तातली बंदूक घ्यावी का, बायकोला पहिल्यांदाच शिकारीला यायचे आहे, आणि हा प्रश्न तपासाचा नाही. मी सांगितले की खुशाल घ्या. दस्ता दिसायला भिकार असतो, चाप जरा जड असतो, पण गोळी सरळ जाते. तेल कमी द्या आणि ओसरीवर ठेवा. बंदुकीपेक्षा तिला जपणाऱ्या माणसाचा भरवसा कमी असतो.

आता तक्रारीबद्दल. विल्होंचे म्हणणे असे की ते लाकडे रचायला कॅम्पवर गेले तेव्हा आर्वो गेल्यापासून ओसरीवरच्या खुंटीवरच असलेली त्यांची रायफल तिथे नव्हती. शेजारच्या खुंटीवर त्यांची स्वतःची अक्रोडाची रायफल होती. नेम जुळवायला म्हणून त्यांनी ती आधीच नेऊन ठेवली होती. तिला कोणी हात लावला नव्हता. विल्हो मला फोनवर म्हणाले, "इर्मा, चोरालासुद्धा बंदुकीतलं काही कळत नाही बघा." हे ऐकून मी कोट घातला आणि कॅम्पवर गेले.

तिथे मला दिसले ते असे. दार फोडलेले नव्हते. किल्ली वळचणीच्या खिळ्यावर जागच्या जागी होती. कॉफीचा एक कप धुऊन पालथा ठेवला होता. सौनाच्या चुलीत ताजी राख होती आणि जेवढी लाकडे जाळली तेवढी नवी फोडून सालीची बाजू वर करून रचली होती. विल्हो सालीची बाजू खाली करतात. या गोष्टीवरून दोघा भावांत जन्मभर वाद होता, आणि सालीची बाजू वर ठेवणारा आता आमच्या घराण्यात एकच माणूस उरला आहे.

मग मी तुळईकडे पाहिले. रूडीचे शेपूट होते तिथेच होते, निळ्या चौकड्यांचे. त्याच्या शेजारी आर्वोंनी आजारपणाच्या आधीच्या हंगामात आणखी एक शेपूट ठोकले होते. त्या हंगामात त्यांचे हरीण चुकले नव्हते. त्यांनी आपल्या हाताने स्वतःच्या लाल सदऱ्याचे शेपूट कापले, वर आपले नाव घातले आणि साल मात्र रूडीच्या शेपटावरचे घातले. विल्होंना वाटले, म्हाताऱ्याला साल आठवत नाही. मला माहीत होते. जे तोंडाने बोलता आले नाही ते त्यांनी तुळईला ठोकले होते.

ते लाल शेपूट आता तिथे नाही. खिळा उपटून, सरळ करून पुन्हा त्याच भोकात बसवला आहे.

मी तिथल्या एका खुर्चीवर बसून राहिले. रडले. तेवढ्यात ऊन मावळले म्हणून निघाले.

डेप्युटींनी विचारले की आपला कोणावर संशय आहे काय. त्यांनी असेही सांगितले की तळ्याच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर त्या सुमारास नॉर्थ डकोटाच्या नंबरपाटीची एक गाडी दिसली होती, गाडीचा नंबर कॅमेऱ्यात आहे, आणि मी होय म्हटले तर उद्यापर्यंत तो माणूस कुठे आहे ते कळेल.

हेही जबाबात लिहावे. इतकी वर्षे मला एवढेच हवे होते की तो कुठे आहे ते कोणीतरी सांगावे. समोर माणूस बसला होता आणि एका शब्दावर सांगणार होता. मी काल रात्री झोपताना हेच मागितले असते.

डेप्युटी म्हणाले, "काकू, पत्ता हवा असेल तर आत्ताच सांगा. तक्रार मिटली की मला तो नंबर बघता येणार नाही."

मी म्हणाले, "नको. पोलीस दाराशी आले तर त्याला वाटेल, आईनं पाठवलं. माझा मुलगा धरून आणलेला नकोय मला. आलेला हवाय."

त्याला वडील गेल्याचे कळले आहे. नाहीतर तो एकट्याने सौना तापवायला आला नसता. आणि वडिलांच्या शेपटावर आपले साल वाचून बंदूक का उडाली नाही हेही त्याला आता कळले आहे. अजून घरापर्यंत यायला त्याला वेळ लागत असेल तर लागू दे, तो आर्वोंचाच मुलगा आहे.

तरी माझे म्हणणे असे की सदर रायफल आर्वोंनी रूडी लाहटी यास दिली होती, ती आजही त्याचीच आहे, आणि आपली वस्तू नेणाऱ्याला चोर म्हणत नाहीत. निम्म्या कॅम्पची मालकीण म्हणून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. विल्होंची समजूत मी घालीन. शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी स्वतः कॅम्पवर जाणार आहे, शिकारीच्या दिवसांत आजवर कधी गेले नव्हते. बटाटा, सलगम आणि मांस भरून पेस्टी, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्या, करणार आहे, एक जास्तीची. ओसरीवर विल्होंच्या शेजारची खुंटी रिकामी ठेवायला सांगितली आहे.

हा जबाब डेप्युटींनी मला सावकाश वाचून दाखवला व मी तो नीट ऐकला. त्यात 'चोरीस गेलेली रायफल' असे होते तिथे माझ्या सांगण्यावरून खोडून 'मालकाने नेलेली रायफल' असे केले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.

इर्मा लाहटी