बर्फ नाही, स्ट्रॉ नाही

— नाही, तो पाना आधी खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. काका, तुम्ही हा नळ काढून न्यायला आलात हे कळलं मला, मालकांचा फोनही येऊन गेला — पण खाली टाकीत कॉफी आहे, सिलिंडरमध्ये गॅस आहे, आणि भरल्या टाकीचा नळ उचकटला की काय होतं ते तुम्हाला मी सांगावं का? तुमचा शर्ट काळा, माझी भिंत काळी, आणि मालकांचं डोकं — ते तसंही फिरलेलंच असतं. तेव्हा टाकी रिकामी करू दे मला. रीतसर. बसा. त्या उंच स्टुलावर नको, ते डगमगतं. मालकांनी आणलंय आणि मालकांसारखंच आहे, वरून गुबगुबीत आणि खालून एक पाय आखूड. इकडे बसा, या टोकाला, म्हणजे दार मोकळं राहील. मला दिसायला.

प्यायलात कधी हे? — कमाल आहे. शहरभर हे नळ बसवता, काढता, आणि एकदाही तोंडाला लावलं नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. थांबा, देते. मोरीत ओतण्यापेक्षा तुमच्या पोटात ओतलेलं बरं. हे बघा, ग्लास असा धरायचा आणि दांडा एकदम ओढायचा. भीत भीत ओढला की नुसता फेस येतो. ऐकलात आवाज? आता ग्लासाकडे बघा, माझ्याकडे नको. दिसलं? सगळं खाली चाललंय. लाटांवर लाटा, ढगासारखं, खाली खाली खाली — बुडबुडे असून खाली. का ते नका विचारू. आणि वर साय धरतेय बघा. उचला आता. बर्फ नाही, स्ट्रॉ नाही, थेट ओठाला लावायचं, नाहीतर पैसे पाण्यात.

हं. — गोड? साखरेचा कण नाही त्यात. दूधही नाही. सगळे हेच विचारतात, आणि सांगितलं की तुमच्यासारखंच तोंड करतात, कुणीतरी खिसा कापल्यासारखं. कॉफी रात्रभर गार पाण्यात भिजवायची, गाळायची, टाकीत भरायची, आणि वरून नायट्रोजन दाबायचा. बस. सोड्यातला गॅस जिभेला चावतो, हा चावत नाही. बुडबुडे इतके बारीक की जिभेला वाटतं, साय आली. साय कसली, हवा आहे. माझी आत्या तेच सांगत फिरते सगळ्यांना — पोरगी शिक्षण सोडून हवा विकते. विकते तर विकते. आत्यानं आयुष्यभर नुसत्या बाताच फुकट वाटल्या, मी निदान ग्लासात घालून देते.

लोक का पितात विचाराल, तर अर्धे पीतच नाहीत. फोटो काढतात. ते खाली जातंय ना, त्याचा व्हिडिओ काढतात, कुणालातरी पाठवतात, आणि तोवर ग्लासातला जीव गेलेला असतो. हे थोडाच वेळ टिकतं. मग फेस बसतो, साय विरते, उरते ती साधी गार कॉफी, घोटभर पिऊन ठेवून द्यायची. म्हणून आधी भरून ठेवता येत नाही. कुणासाठी काढून ठेवता येत नाही. माणूस समोर पाहिजे, तरच ओढायचं. मालकांना हे कधी कळलंच नाही — गर्दीच्या वेळी दहा ग्लास भरून ठेव म्हणायचे. भरून ठेवले. मेले. मग म्हणाले, खपत नाही, परत पाठवा, त्यापेक्षा फळांच्या रसाचं मशीन आणू. आणा. उद्या त्या फळांनाही नाच करायला सांगतील.

किती वाजले? असू दे, दिसतंय मला घड्याळ. तुम्हाला घाई आहे का? दुसरं काम आहे — बरोबर आहे, मोठ्या माणसांना नेहमी दुसरं काम असतं. एक सांगू का, काका, उद्या या ना. उद्या सकाळी या. टाकी धुऊन, पुसून, नळ्या गुंडाळून ठेवते, तुम्ही फक्त उचला. कागदावर आजची तारीख आहे म्हणून काय झालं? — नाही, मालकांना विचारायचं नाही. — कारण काही नाही. कारण असलंच पाहिजे का? आज बुधवार आहे म्हणून.

बुधवारी एक गिऱ्हाईक येतं. म्हातारं. म्हणजे तुमच्यापेक्षा जरा जास्त. हेच घेतं. दुसरं काही नाही, हेच. त्याला वास येत नाही. मागे एकदा ताप आला आणि वास गेला, वासाबरोबर चवही गेली. घरी परवा गॅसवर दूध करपून पातेल्याला भोक पडायची वेळ आली, शेजारच्या बाईनं दार बडवलं, आणि हे त्याच खोलीत बसून पेपर वाचतायत. जेवणाचं तर विचारू नका. मीठ घालायचं राहिलं तरी कळत नाही. पानात पडेल ते गिळतात, हजेरी लावल्यासारखं. अर्धं टाकतात. पण हे — हे संपवलं. चव कुठे लागते याला, हे नुसतं जिभेला कळतं, मऊ, गार. तळापर्यंत संपवलं. ग्लास उलटा करून बघितला. मग कळलं का काका, लोक का पितात ते? तुमचे ते व्हिडिओवाले सोडा. कुणालातरी सगळ्या जगात एवढीच एक गोष्ट तोंडात जाणवते.

मला कसं माहीत, म्हणजे? — गिऱ्हाइकं बोलतात. दूध, पातेलं — सांगतात लोक. — बरं, आई सांगते. माझी. फोनवर, आवाज बारीक करून, ते गच्चीवर गेले की. झालं समाधान?

रसायन शिकवायचे. शाळेत. आता घरी शिकवण्या घेतात. मी त्यांच्याच शाळेत होते, म्हणजे माझं नशीब बघा. सगळी पोरं घरी गेली की सुटायची, मी सरांच्याच घरी जायचे. वर्गात बाबा म्हटलं तर उभं करायचे, म्हणून सर म्हणायची सवय लागली, आणि घरी ती सुटेना, आणि त्यांनाही ती काही खटकली नाही. आठवीत एक धडा होता. नायट्रोजन. रंगहीन, गंधहीन, रुचिहीन वायू. सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं. हवेत पाचातले जवळजवळ चार हिस्से तोच, पण सहसा कशाशी संयोग पावत नाही, जळत नाही, जळू देत नाही. तेव्हा पाठ केलेलं अजून पाठ आहे. मग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी सोडलं. का सोडलं? नाही जमलं. नाही आवडलं. सकाळी उठून तिथे गेलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. एवढं कारण मोठ्यांना पुरत नाही, त्यांना एकतर मुलगा लागतो नाहीतर आजार लागतो. मी वर्षभर घरी बसले. आणि घरी पाहुणे आले की हे माझी ओळख करून द्यायचे, ही आमची नायट्रोजन. घरभर पसरलेली असते, उपयोग शून्य. पाहुणे हसायचे. आत्या तर पदर तोंडाला लावून हसायची. आई आत जाऊन कपबश्या आपटायची, आणि तेवढाच तिचा निषेध. मी बॅग भरली तेव्हाही कपबश्याच आपटत होती.

आणि मग काम मिळालं ते हे. नायट्रोजनचा नळ. मी पाटी वाचून दारातच हसत सुटले, मालकांना वाटलं आनंदी मुलगी आहे, घेतलं. त्यांची तेवढीच एक चूक.

म्हणजे तसं बरं चाललंय. खोली आहे, वर, शिंप्याच्या दुकानावर. एक खिडकी आहे, ती त्याच्या पत्र्यावर उघडते. दिवसभर मी 'आणखी काही?' एवढंच बोलते आणि घरी गेल्यावर तेही नाही. कधीकधी सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं की आवाजच फुटत नाही, दोनदा खाकरावं लागतं. आदल्या दिवसापासून वापरलाच नसतो ना. नळ्या धुवायच्या दिवशी मी उगाच उशिरापर्यंत थांबते. गॅसचा आवाज असतो. काही म्हणा, कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं.

आले एक दिवस सर. रांगेत उभे. दोन बस बदलून यावं लागतं त्यांच्या घरून, आणि छत्री काखेत, ऊन असताना. पाटी वाचत बसले, वरपासून खालपर्यंत, पेपर तपासतात तशी, मागचे लोक वैतागले. मी म्हटलं, काय घेणार, सर? इथे सगळ्यांनाच सर म्हणायचं असतं, मालकांचा नियम आहे. तर म्हणाले, हा नायट्रोजनच का? म्हटलं हो. म्हणाले, एक द्या. द्या! मला. आयुष्यात कधी नव्हे ते. मी ओढला, समोर ठेवला. ते बघत राहिले. चष्मा कपाळावर ढकलला आणि वाकून, नाक काचेला लागेपर्यंत, बघत राहिले. मग तसेच वाकलेले, माझ्याकडे न बघता म्हणाले, बुडबुडे खाली का जातात, माहीत आहे का? आणि मी म्हटलं, माहितीये.

नाही माहीत. कुठे माहीत असायला. अजूनही नाही. पण त्या आवाजात पुन्हा कुणीतरी मला काही विचारावं आणि मी उभी राहून नाही माहीत म्हणावं? इथे? माझ्या काउंटरवर? ते म्हणाले, अच्छा. खिडकीपाशी बसले, प्यायले, सांगितलं ना, तळापर्यंत. ग्लास स्वतः आणून ठेवला. आणि जाताना म्हणाले, बुधवारी मला शिकवणी नसते.

आता मला सांगा, याचा अर्थ काय? काउंटरवरच्या पोरीला असं कोण सांगतं? येईन म्हणावं, नाही येणार म्हणावं, कशी आहेस म्हणावं. बुधवारी शिकवणी नसते! वेळापत्रक आहे का हे? मग मीही म्हटलं, आम्ही रोजच उघडे असतो, सर. — काय चुकलं? खरंच उघडे असतो. नका मान हलवू काका, तुम्ही त्यांच्याच वयाचे, तुम्ही हलवणारच.

दर बुधवारी? — येतात, म्हणजे — आले होते. एकदा. त्यानंतर नाही. पण बुधवार रिकामा असतोच ना त्यांचा, आई म्हणते रिकामाच असतो, छत्री घेऊन दारापर्यंत जातात आणि परत येऊन बसतात. चौकात कुणी तसं चालताना दिसलं की मी ग्लास ओढते. माणूस पुढे निघून जातो. मग ते मलाच प्यावं लागतं, बसलेलं.

फोन कसला करू? नंबर पाठ आहे हो. फोन करून काय म्हणू? आणि ते बुडबुड्यांचं — मोबाइलवर मिनिटात सापडेल, पोरं तर उभ्या उभ्या शोधतात आणि मला ऐकवायला लागतात, मी पाणी सोडते, भांडी वाजवते, ऐकत नाही. ते ठेवलंय. विचारायला ठेवलंय. त्यांना सांगायला काहीतरी हवं ना. मला वास येत नाही, मला जेवण जात नाही, असलं काही ते सांगणार नाहीत. पण हे सांगतील. उभे राहून, खडू नसताना, हवेत चित्र काढून सांगतील.

कुठे न्यायचाय हा नळ? — वाचनालयाच्या खाली? ते मोठं, पायऱ्यांचं? — अहो, मग ते आमच्या घराच्या गल्लीतच झालं. रोज संध्याकाळी जातात तिथे मासिकं वाचायला. म्हणजे दोन बस नकोत. काहीच नको. पायऱ्या उतरले की —

बरं झालं की. चांगलंच झालं.

ऐका, तिथे काउंटरवर जी कुणी असेल, तिला एक निरोप द्या. बुधवारी एक म्हातारा येईल म्हणावं, काखेत छत्री. पाटी वाचायला वेळ लावेल, मागच्यांना ओरडू देऊ नकोस. बर्फ नाही, स्ट्रॉ नाही. आधी भरून ठेवू नकोस, समोर आला की ओढ. आणि बुडबुडे खाली का जातात विचारलं तर नाही माहीत म्हणावं. माहीत असलं तरी. — माझं नाव? माझं कशाला. त्याला काय कळायचंय कुणी सांगितलं ते.

द्या तो ग्लास इकडे, बसलं तुमचं. बोलण्यात गेलं सगळं. गॅस मी बंद करते, तुम्ही पाना लावा. — उद्या कशाला, आजच न्या. तिकडेही बुधवारच असेल ना आज.

काय? — बुडबुड्यांचं? नको, काका. तुम्हाला माहीत असेल, तुमचं कामच आहे ते. पण तुम्ही नका सांगू. पाना लावा.