यादीतले गळालेले सात महिने

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वैमानिक संघटनेच्या प्रमुख, व्यासपीठावर बसलेले वरिष्ठ कॅप्टन आणि अभियंता मंडळी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आमचे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेब समोर बसलेत, म्हणजे त्यांनी घड्याळ लावलंच असेल. त्यांना सगळे मागे ‘फूटपट्टी’ म्हणतात, हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा आज पुढ्यात म्हटलं तर रागावणार नाहीत, अशी आशा करते.

घरची मंडळीही आली आहेत, म्हणून थोडं समजावून सांगते. वैमानिकाच्या आयुष्यात ज्येष्ठता यादी म्हणजे काय? कॅप्टनची खुर्ची कधी मिळणार, मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला सुट्टी मिळणार की नाही, आणि कपातीची वेळ आली तर आधी कोण घरी जाणार, हे सगळं त्या यादीतला एक आकडा ठरवतो. सहा वर्षांपूर्वी थोरल्या कंपनीनं आमची धाकटी कंपनी विकत घेतली. विमानांना नवा रंग आठवड्याभरात लागला. दोन याद्यांची एक यादी करायला मात्र अकरा महिने लागले.

ती यादी करणाऱ्या समितीत थोरलीकडून साहेब होते आणि धाकटीकडून मी. तेव्हा मी फर्स्ट ऑफिसर होते, म्हणजे उजवीकडच्या खुर्चीतली. हँगरच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, तिची खिडकी उघडायची नाही आणि एसीखाली बादली ठेवलेली असायची. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आम्ही. चहासुद्धा वेगवेगळ्या किटल्यांतून!

एक दिवस साहेब म्हणाले, “ताई, तुमच्या सगळ्या वैमानिकांची नेमणूकपत्रं मला हवीत. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा.”

मला वाटलं, झालं, आता हे आमच्यातली खोट शोधणार. आणि आज सगळ्यांदेखत कबूल करते, मी ती पत्रं मुद्दाम उलटीसुलटी करून खोक्यांत भरली. ना वर्ष, ना आडनाव, कशाचा मेळ नाही. साहेबांनी खोकी स्वतः उचलून नेली. तीन आठवडे एकटे बसून त्यांनी ती पत्रं लावली.

मग एका दुपारी बैठकीत त्यांनी चष्मा काढला.

“ताई, तुमच्याकडे ट्रेनिंग किती महिन्यांचं असायचं?”

“सात.”

“आणि नोकरीची तारीख कधीपासून धरायचे?”

“पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडालो, त्या दिवसापासून.”

“आमच्याकडे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे या यादीत तुमच्या प्रत्येक माणसाचे सात महिने गळालेत.”

मला तर आधी नीट कळलंच नाही. आम्ही अकरा वकिली पत्रं लिहिली होती, भांडून भांडून घसा बसला होता, आणि ही गोष्ट आमच्या एकाच्याही लक्षात आली नव्हती! साहेबांच्या शेजारचे गृहस्थ दबक्या आवाजात म्हणाले, “साहेब, हे आधी आपण आपल्यात बोलायला हवं होतं.”

साहेब म्हणाले, “आपल्यात बोललो असतो, तर इथे बोलायचं राहून गेलं असतं.”

मित्रहो, हे बोलणं सोपं होतं का? ते सात महिने मोजले की साहेब स्वतः पाच जागा खाली येत होते. त्याचं एवढं काही नाही. पण त्यांची मुलगी थोरल्या कंपनीतच फर्स्ट ऑफिसर होती. तिची भरती झाली त्याच सुमारास आमची धाकटी कंपनी भराभर माणसं घेत होती. ती एकदम अठ्ठावन्न जागा खाली जात होती. कॅप्टनच्या पुढच्या तुकडीत तिचं नाव होतं, ते गेलं. किमान तीन वर्षं लांबलं.

दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये साहेबांच्या टेबलावर कुणी बसेना. त्यांच्या लॉकरवर कुणीतरी खडूनं लिहिलं, ‘धाकटिचा जावई’. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, त्यातली ‘टि’ पुसली, खडू मागून आणला आणि दीर्घ ‘टी’ लिहून ड्युटीवर गेले. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण सगळंच त्यांनी बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. निरोपाच्या भाषणात माणसाचा पुतळा करू नये. त्यांनी मुलीला घरी काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं ते नोटीस बोर्डावरून, चारचौघांत. ती घरी जाऊन म्हणाली, “बाबा, मला निदान आधी सांगायचंत तरी!” त्यावर साहेब म्हणाले, “सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि मी ऐकलं असतं.” चार महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला बसल्यावर मीठसुद्धा आईमार्फत मागायची. वहिनी हसतायत, पण तेव्हा हसल्या नसतील.

शेवटी मतदान आलं. यादी दोन्हीकडच्यांनी मंजूर करायची होती. थोरलीच्या सभेला मी निरीक्षक म्हणून मागच्या रांगेत बसले होते. एक जण उठला आणि म्हणाला, “ते सात महिने काढून टाका. साहेबांना काय, पाच-सहा वर्षांत घरी बसतील. भरडले जाणार आपण.” टाळ्या पडल्या.

तेवढ्यात साहेबांची मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, “या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त खाली मी गेलेय. अठ्ठावन्न जागा. मी बाबांशी बोलत नाही, आणि आजही घरी जाऊन बोलणार नाहीये. पण ते सात महिने त्या लोकांनी घाम गाळून काढलेत. माझे कुणी खोडले असते, तर मी गप्प बसले असते का?”

ती खाली बसली. यादी एकोणीस मतांनी मंजूर झाली.

तिच्या वर गेलेल्या त्या अठ्ठावन्नांपैकी एक मी आहे. मला कॅप्टनची खुर्ची तिच्या आधी मिळाली. तिला तीन वर्षांनी मिळाली, आणि तिच्या खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी लावायला साहेब गेले होते. तोपर्यंत दोघं बोलायला लागली होती. कशी आणि कधी, ते वहिनींनाच विचारा.

आता गेल्या मंगळवारचं सांगते आणि थांबते. साहेबांचं शेवटचं उड्डाण. त्यांच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून त्यांच्या मुलीनं आणि मी, दोघींनी अर्ज केला होता. यादीत मी वर, म्हणून जागा मला मिळाली. मी ती तिच्यासाठी सोडली. साहेबांचा लगेच फोन आला.

“ताई, नंबर तुमचा वरचा आहे. माझ्याखातर नियम वाकवू नका.”

मी म्हटलं, “साहेब, नंबर माझा आहे ना? मग तो वापरायचा की सोडायचा, हेही मीच ठरवणार.”

“बरं, ताई,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी प्रवासी म्हणून शेवटच्या रांगेत बसले. विमान इतकं अलगद टेकलं, की शेजारच्या आजी विचारत होत्या, उतरलो का आपण? सगळे उतरून गेल्यावर मी पुढे गेले आणि म्हटलं, “साहेब, शेवटचं लँडिंग काय सुरेख केलंत!”

साहेब टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, “मी नाही, तिनं केलं. मी नुसता बघत होतो.”

साहेब, वहिनी, दोनशे चौदा जणांच्या वतीनं मी आपले आभार मानते. संघटनेनं मला बोलायला उभं केलं, तुम्ही सगळ्यांनी इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. पाच मिनिटांची मर्यादा मी केव्हाच ओलांडली आहे, आणि सांगू नये तेही थोडं सांगून बसले. कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. नमस्कार.