परत आलेला राक्षस

डोळ्यांत थेंब घालून आम्हाला बाकावर बसवलं होतं. डोळे मिटलेले, कान मोकळे. शेजारी एक म्हातारं जोडपं बोलत होतं. ऑपरेशन आजोबांचं होतं.

"अहो, घाबरलात का?"

"छे. तो राक्षसाचा सिनेमा आठवतोय."

"तुम्ही थिएटरात प्रोजेक्टरच्या मशीनवर होतात तेव्हाचा? चार दिवसांत उतरला तो?"

"तोच. राक्षस पुलावर मरतो, आणि पुढच्याच सीनमध्ये नदीकाठी पोरांना खांद्यावर घेऊन हसत असतो."

"आणि कुठे गेला होतास म्हणून कुणी विचारतसुद्धा नाही."

"तुला बरं लक्षात आहे."

"सासूबाई गेल्या तेव्हा त्याचाच आधार वाटला. म्हटलं, मरण म्हणजे एवढंच. पुढच्या सीनला माणूस असतोच."

"अगं, पण त्या दिवशी माझ्या हातून रिळांची अदलाबदल झाली होती. खरं तर तो शेवटी मरतो, आणि मेलेलाच राहतो."

"माहीत आहे."

"तुला कसं?"

"दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन परत गेले होते ना."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? सिनेमावाल्यांच्या शेवटापेक्षा मला तुमचाच पटला. उठा आता, सिस्टर बोलावतायत. पुढच्या सीनला मी इथेच बसलेली असेन."