कापसाच्या खोलीतली गिटार

...वर कर हात. अजून वर. हां, असाच ठेव — काखेत जरा ढिला होऊन राह्यला तुहा ब्लाउज, टाचण्या लावून घेते. काय म्हणत होती तू? लग्नाच्या दिवशी संघदीपनं स्टेजवर ते नेटवरचं गिटारचं गाणं वाजवलं पाह्यजे? तुमच्या मुकुटबनचे पोट्टे त्या गाण्यासाठी येडे झाले म्हणते — बरं. हलू नको, विशाखा. नाही वं, राग कायचा? मले कायले राग येईन? संघदीप माहा भाऊ, तू त्याची होणारी बायको, उद्या माही भावजय होऊन घरात येशीन, म्हणून तर पांढऱ्या साडीवरचा हा ब्लाउज मी स्वतः शिवून राह्यली. दुकानातल्या बाकी बायका थांबल्या तर थांबल्या.

बोट कापलं म्हणते त्याचं? हो, मोबाइल खोलता खोलता कापलं, सांगितलं असंन त्यानं. कोणत्या हाताचं? — नाही, इचारून राह्यली फक्त. काल पट्टी डाव्या हाताले होती, आज सकाळी चहा पेताना उजव्या हाताले दिसली. आता बोट काही इकडून तिकडं जात नाही ना? त्या पट्टीखाली काही नाही, विशाखा. कापलंबिपलं काही नाही. त्याले वाजवताच येत नाही. गिटार गळ्यात घालता येते, केस झटकता येतात, बस. ते गाणं म्या वाजवलं.

बसू नको, टाचण्या टोचतीन. उभीच राह्य. आता तोंडातून निंगालंच तर पुरं ऐक.

बसस्टँडच्या मागं मन्सूर चाचाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आता तिथं खताचं गोदाम आहे. ओळीनं टीव्ही मांडलेले, बाजाराच्या दिवशी आमच्या आर्णीभरचे पोट्टे दारात उभे. चाचाची गझाला माह्या वर्गातली, दुपारी दुकान रिकामं राहे तवा आम्ही दोघी खेळो. एक कॅसेट होती, तिच्यावरचं चित्र पार घासून गेलतं, नावच नव्हतं तिले — एक बुटका शिपाई किल्ल्यात शिरे, अन् शेवटच्या दरवाज्यापाशी जे संगीत लागे ना... टिंव टिंव टिंव, लेकराच्या खेळण्यासारखं, पण अंगावर काटा येये. पोट्टे त्या दरवाज्यापर्यंत पोचतच नव्हते. गझाला पोचे. मग कापसाचे भाव पडले, गावात खेळायले पैसा कोणाजवळ राह्यला? चाचाचं दुकान बसलं, टीव्ही गेले. संगीत तेवढं आमच्या डोस्क्यात राह्यलं.

गिटार कुठून आली? आमच्या बाबांची भीमगीतांची पार्टी नाही का — जयंतीचा हंगाम संपला का गिटार, ऑक्टोपॅड, सारं सामान आमच्याच घरी पडून राहे. बाबांनीच शिकवली मले. संघदीपलेही शिकवत होते, तो दोन दिवसांत कंटाळला. पुढं त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं, इंजिनिअरिंगचे पोट्टे गाणे भरायले येत, त्यांच्या कार्डात ते मेटल का काय ते इंग्रजी गाणं राहे. एक दिवस म्या ऐकलं — तळहात गिटारच्या तारेवर दाबून धडधडधड वाजवते तो माणूस — अन् मले वाटलं, हा तर माह्या मशीनचा आवाज आहे, मोटर लावून लांब शिलाई मारली का असाच येते. तवाच म्हटलं, किल्ल्याचं संगीत ह्या आवाजात वाजवायचं. म्या म्हटलं. त्यानं नाही.

त्या वर्षी बाबांनी कापूस विकलाच नाही. भाव येईन, भाव येईन करत मधल्या खोलीत छतापर्यंत कोंबून ठेवला, चालायले पायवाट तेवढी सोडली. त्या खोलीत टाळी वाजवली ना, तर आवाज जागच्या जागी मरे. घुमणं नाही, बाहेर ऐकू जाणं नाही. तिथंच बसलो आम्ही — मी गिटार घेऊन, गझाला ऑक्टोपॅडवर ड्रम वाजवे, पाठी कापसाले टेकवून. अन् खाज तर अशी — कापसात काय किडे झालते कोणजाणे, दोघींच्या हाताले पुरळ, रात्रंदिवस खाजवून राह्यलो, पण सोडलं नाही. शेवटाले जिथं गिटार वर वर चढत जाते, तिथं माही एक तार तुटली, तरी बाकीच्या तारांवर तसंच ओढून नेलं. तोच तुकडा तुमचे मुकुटबनचे पोट्टे घडोघडी लावतात. संघदीप कुठं होता? उंबऱ्यावर, कंप्युटर मांडीवर घेऊन. बटन त्यानंच दाबलं. ते मी नाही म्हणत नाही.

अन् नेटवर टाकलं तवा काय लिहिलं? गिटार संघदीप. ड्रम संघदीप. सारं संघदीप. व्हिडिओत हाच उभा, केस उडवून राह्यला. म्या इचारलं, तर म्हणे गझालाच्या घरी खपणार नाही, तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, उगी बोभाटा नको. दुसऱ्याच दिवशी मन्सूर चाचा स्वतः दुकानात आले, मोबाइल घेऊन. म्हणे, "दीपा बेटा, इसमें मेरी गझाला का नाम कहाँ है?" कोणाले खपत नव्हतं, सांग? ते तर गावभर दाखवायले निंगालते. तिथंच, ह्या काउंटरपाशी उभे होते. मी मान खाली घालून मशीन चालवत राह्यली.

बाबांजवळ गेली तर बाबा म्हणतात, जाऊ दे, भाऊ काय न् बहीण काय, आडनाव तर एकच आहे. एकच आहे? गझालाचं आडनाव कुठं एक आहे? तिले वाटते भाऊ-बहीण मिळून आम्ही तिचं नाव खाल्लं. लग्न होऊन महागावले गेली, माहा फोन उचलत नाही. लेकरू झालं म्हणे, मले दुसऱ्याच्या तोंडून समजलं. ह्या संघदीपले काय त्याचं? आता नागपूरच्या कॉलेजवाल्यानं स्टेजवर वाजवायले बोलावलं तर ह्याले पट्टी बांधा लागून राह्यली, अन् कालपासून माह्या मागं मागं — दीपे, अजून एक गाणं वाजवून दे, मी टेप लावून वरून हात हालवीन. नाही म्हटलं म्या. मरेन पण नाही देणार.

तू काहून खाली पाहून राह्यली? रडू नको, तुहा काय दोष, तुले तर कोणी सांगितलंच नाही... काय?

परत म्हण.

तुले मालूम होतं. साखरपुड्याच्या आधीपासून. त्यानंच सांगितलं. — अन् आज त्यानंच पाठवलं, का दीपा तुहं ऐकन, तू जाऊन गोड बोल, वाजवायले राजी कर. म्हणून ते मुकुटबनचे पोट्टे, म्हणून ते कापलेलं बोट, म्हणून ते स्टेजवर वाजवलं पाह्यजे. अन् तू इथं हात वर करून सारं ऐकत राह्यली. मध्ये एकदा हूं हूं पण केलं.

नाही. बोलू नको आता. लग्न कर, नको करू, तुमचं तुम्ही पाहा. ब्लाउज वेळेवर भेटन, कामात मी खोट करत नाही. अन् त्याले सांग, दुसरं गाणं होईन. उद्या सकाळच्या गाडीनं मी महागावले चालली. गझालानं दार लावलं तर दारात बसीन. ती हो म्हणली तर दोघींचं नाव घालून वाजवू, ती नाही म्हणली तर गिटार बाबांच्या पार्टीतच वाजन, त्याच्या हाती नाही.

पडद्यामागं जा. हळू काढ, टाचण्या आहेत.