काचेला टेकायची उशी

बाबा : ...आणि शाळेतल्या बाई म्हणाल्या, की त्या पोहत होत्या. पाण्यात नाही, गवतात.

लेक : बाबा, मी वहीत तीन प्रश्न लिहून दिले होते. वापरली का, विकत घ्याल का, किती द्याल. यात गवत कुठून आलं?

बाबा : मी आधी विचारलं, झोप लागली का? तर त्या सांगतच सुटल्या. चाळीस वर्षं टॅक्सी चालवली मी, बोलत्या पॅसेंजरला मधेच तोडत नाही.

लेक : कपाळ माझं! आठ दिवस सहा उशा लोकांच्या गाड्यांत ठेवल्या, आणि तुम्ही सहा स्वप्नं गोळा करून आलात.

बाबा : चारच. दोघांना नाही पडली.

लेक : दहाला मला फॅक्टरीत नोकरीच्या कागदावर सही करायचीय. आज नाही केली तर जागा दुसऱ्याला. गाडीत मान टेकायच्या या उशीला गिऱ्हाईक आहे की नाही, एवढंच मला त्याआधी हवं होतं. नसेल तर माझ्या सीटकव्हरच्या दुकानाला आजच कुलूप.

बाबा : सिग्नल लाल आहे. वाचून दाखवू?

लेक : तुम्ही पुढे बघा. मीच वाचते. "घड्याळवाला. आई लांबून हाक मारत होती. हाक निळी होती." निळी?

बाबा : त्याने तसंच सांगितलं. बायको गाडी चालवते, हा शेजारी पेंगतो. पहिल्यांदाच डोकं काचेवर आपटलं नाही म्हणाला.

लेक : अहो, मग ते लिहायचं ना! "नर्सबाई. सगळे पेशंट बरे झाले होते आणि गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या करत होते..."

बाबा : का थांबलीस?

लेक : काही नाही. छान आहे. आणि स्वप्न न पडलेले ते दोघे?

बाबा : ते फार गोड बोलले. कल्पना मस्त, रंग मस्त, मुलगी हुशार.

लेक : मुलगी? तुम्ही सांगितलंत?

बाबा : निघून गेलं तोंडातून. कौतुक वाटतं तर लपवू कशाला?

लेक : मग तोंडावर वाईट कोण बोलणार! उशा दिल्या त्यांनी परत?

बाबा : लगेच. पिशवीची गाठसुद्धा सुटली नव्हती. मागे पडल्यात बघ.

लेक : आणि बाकीच्या चार?

बाबा : त्या... राहिल्या.

लेक : राहिल्या म्हणजे? परत आणायचं ठरलं होतं.

बाबा : मागितल्या गं. घड्याळवाला म्हणाला उद्या देतो. बाई म्हणाल्या पुढच्या आठवड्यात. तो रंगारी तर गाडीतच झोपला होता. तासभर थांबलो, उठला, स्वप्न सांगितलं, पुन्हा झोपला. डोक्याखालून ओढून घेऊ? आणि नर्सबाईंनी दार लावून घेतलं.

लेक : तुमच्या तोंडावर?

बाबा : हळूच लावलं.

लेक : हे आधी का नाही सांगितलंत?

बाबा : उशा सोडून आलो म्हणून ओरडशील असं वाटलं.

लेक : मागची एक उशी घेते, माझ्या बाजूच्या काचेला लावते. बाबा, मला भीती वाटते हो. चार माणसांवर दुकान चालत नाही.

बाबा : नाही चालत. फॅक्टरीत पगार वेळेवर येईल, खोटं कशाला बोलू?

लेक : पण तिथे दिवसभर एकच शिवण. पुढच्या सीटची डावी बाजू. उद्या, परवा, दहा वर्षांनीही डावी बाजू.

बाबा : डोळे मीट जरा. पोचलो की उठवतो.

लेक : नक्की हं. झोपू देऊ नका... काच गार आहे... लागत नाही पण...

(गाडी हळू होते, थांबते.)

बाबा : ऊठ, बाळ. फॅक्टरीचं फाटक आलं. पावणेदहा झालेत.

लेक : घोरत होते मी?

बाबा : थोडीशी.

लेक : दोन महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. पांढऱ्या कापडाचा ताका उलगडत होता, बाबा. उलगडतच होता. कुणी कापायची घाई करत नव्हतं.

बाबा : वहीत लिहू?

लेक : नको, मी घरची. माझं धरू नका. नर्सबाई कुठे राहतात?

बाबा : वीस मिनिटांवर. का?

लेक : उशी ठेवून घेणं वेगळं, विकत घेणं वेगळं. मला त्यांच्याकडून स्पष्ट ऐकायचंय. गाडी वळवा.

बाबा : आणि सही? त्या नाही म्हणाल्या तर?

लेक : तर रडेन, बाबा. पण माझ्या दुकानात बसून.