आईचं इंग्रजी

खरं सांगू का, आमच्या घरावर एका मुंगसाचे उपकार आहेत.

माझा भाऊ आयर्लंडला नोकरीला. लग्नानंतर तो बायकोला, नोराला, पहिल्यांदाच आटपाडीला घेऊन आला. आईला इंग्रजी येत नाही, नोराला मराठी. दोन दिवस दोघी एकमेकींकडं बघून नुसत्या हसत होत्या. आई मला म्हणाली, "पोरगी गुणाची दिसती. पण बोलायचं कसं गं?"

तिसऱ्या दिवशी भाऊ कामासाठी सांगलीला गेला होता. परसात सरपणाच्या ढिगातून काहीतरी सळसळत गेलं आणि नोरा किंचाळली. तिला वाटलं, साप. आई काठी घेऊन धावली. तिनं वाकून बघितलं, काठी खाली टाकली आणि नोराचा हात धरून म्हणाली, "भिऊ नगं. मुंगूस हाय."

नोरा थबकली. "मंगूस?"

"व्हय, मुंगूस."

नोरानं मोबाईलवर शोधून मला दाखवलं. इंग्रजीनं तो शब्द मराठीतूनच घेतला होता. मी आईला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "आनि काय काय नेलंय, इचार की तिला."

मग चटणी निघाली, खाटेची कॉट निघाली. भाऊ परतला तेव्हा दोघी खाटेवर बसून शेंगा फोडत एकमेकींकडून शब्द म्हणवून घेत होत्या.

आई मला म्हणाली, "तिला सांग, वरडलीस ते लय बरं झालं. न्हाईतर आपण जलमभर नुसतं हसतच बसलो असतो."