तिसरा ठोकळा

नाही नाही, काउंटरवर नको ठेवूस पोरी, काच आहे – आठ किलोचा ऐवज आहे तो आणि काच मी परवाच बदलली – हां, खाली, त्या पोत्यावर ठेव. आणि बस. ती खुर्ची नको, तिचा चौथा पाय नावाला आहे, ती मी विमा विकायला येणाऱ्यांसाठी ठेवलीय. ही घे. चहा सांगतो. नको कसा? तुझ्या वडिलांनी या दुकानात चाळीस वर्षांत एकदाही चहा नाकारला नाही, आणि एकदाही पुरता प्याला नाही – अर्ध्या कपात कुणीतरी यायचं, सर, सळ्या बांधून झाल्या, चला – की निघाले. उरलेला अर्धा मी प्यायचो. उष्टा म्हणून नव्हे हो, वाया जाऊ नये म्हणून. व्यापारी माणूस.

तर हा ठोकळा कुठल्या कामाचा, असं विचारतेस. आता मला काय ठाऊक? एकशे बेचाळीस निघाले म्हणतेस ना तुमच्या अंगणातून – एकशे एक्केचाळिसांवर कामाचं नाव आहे, याच्यावर नाही, इतकंच ना? मग एखाद्या गटाराचा असेल. सर गटाराचासुद्धा ठोकळा ठेवायचे. तुला सांगायला नको, तू त्या ठोकळ्यांवर बसून पाढे पाठ केलेस, पण रविवारी सरांच्या नावाची फरशी बसवायला तंत्रशाळेत जी मंडळी जमणार आहेत त्यातल्या निम्म्यांना वाटतं सरांना दगड गोळा करायचा छंद होता. छंद कसला – काँक्रीट ओतलं की त्यातलंच घमेलंभर काढून तीन साचे भरायचे. एक ठोकळा सात दिवसांनी तंत्रशाळेतल्या यंत्राखाली चिरडायचा, दुसरा अठ्ठावीस दिवसांनी, आणि तिसरा घरी न्यायचा. काम उभं आहे तोवर ठोकळा अंगणात. पाण्याची टाकी, दवाखाना, मुलींची शाळा, बाजारातला उड्डाणपूल – सगळं गाव तुमच्या अंगणात रांगेनं मांडलेलं होतं आणि तुझी आई त्याच्यावर कुंड्या ठेवायची. मी एकदा म्हटलं, वहिनी, तुम्ही दवाखान्यावर गुलाब लावलाय. तर म्हणाल्या, दवाखान्यावर बरा येतो, टाकीवर येत नाही.

आणि ही सगळी कामं कधी केली? पस्तीस वर्षं तंत्रशाळेत शिकवून, उरल्या वेळात. दर रविवारी सकाळी गवंड्यांना फुकट वर्ग – नकाशा वाचायचा कसा, माप धरायचं कसं. आज या गावातला कुठलाही गवंडी घे, तो मालकाला सांगतो, साहेब, तुमचा नकाशा चुकलाय. दुसऱ्या गावात गवंडी असं बोलला तर घरी जाईल. इथं मालक नकाशा बदलतो. याला म्हणतात मास्तर. नाहीतर मी – चौथी शिकलेला, जे काय आलं ते स्वतःचं स्वतः. व्यापारी संघाच्या अंकात माझी मुलाखत आली होती, वाचलीस? तिथं त्या फळीवर आहे, फ्रेम केलीय. 'प्रत्येक पोतं गिऱ्हाइकासमोर फोडणारा दुकानदार.' तीन परीक्षा. पोत्यात हात घालायचा, सिमेंट गार लागलं पाहिजे. चिमटीत चोळायचं, पिठासारखं मऊ पाहिजे, खरखर नको. आणि मूठभर पाण्यात टाकायचं – लगेच बुडता कामा नये, जरा तरंगून मग बुडलं तर ताजं. यावर हे दुकान एका खणाचं चार खणांचं झालं. डोकं लागतं, दुसरं काय.

ठेव ना तो इथंच. ठेवून जा म्हणतो. दोन दिवसांत आठवून सांगतो. वय झालं, एकदम आठवत नाही – आणि एक ठोकळा नसला रांगेत तर काय बिघडतं, एकशे एक्केचाळीस मोजायला कोण बसलंय?

तू बसलीस. बरं.

हां, त्याच्यावर काय कोरलंय ते दिसलं मला. 'गुळव्या.' अख्खा बाजार मला गुळव्या म्हणतो, गोड बोलतो म्हणून, त्यात लपवायचं काय – सरांनी गमतीनं कोरलं असेल. त्यांना अशी गंमत सुचायची. वर्षातून एकदा.

तिकडं काय बघतेस? पाटी आहे ती. आजचे भाव. मीच लिहितो रोज सकाळी, खडूनं. त्यात काय बघायचं – अच्छा. 'वाळू'तला ळ. आणि इथला 'गुळव्या'तला ळ. हो, माझा ळ असाच येतो, दोन्ही गाठी पोट सुटल्यासारख्या. चौथीत मास्तरांनी याच ळ वरून पट्ट्या दिल्या होत्या. तू सरांची पोरगी खरी. ते पण असंच करायचे, विचारायचे काही नाहीत, नुसते बघत राहायचे एकीकडे, की समोरचा आपोआप बोलायला लागायचा.

चहा घे, निवतोय.

तू तेव्हा जेमतेम रांगत होतीस. कालव्यावरचा पायपूल – मुलं शाळेला वळसा घालून जायची म्हणून सरांनी हाती घेतला, लोकवर्गणीतून. सिमेंट माझ्याकडचं. माझं तेव्हा एका खणाचं दुकान, नुकतं थाटलेलं, आणि मागच्या वखारीचे पत्रे गळत होते. साठ पोती भिजली. भिजली म्हणजे सगळी नाही, पण दमट झाली, आत गुठळ्या धरल्या. आता सांगतो ते धंद्यातलं आहे, बाहेर बोलू नये असं – तेव्हा सगळेच करायचे – गुठळ्या मोगरीनं फोडायच्या, चाळणीतून चाळायच्या, नव्या पोत्यात भरायच्या, शिवायच्या. दिसायला हुबेहूब. मी आणि माझी बायको, दोन दिवस चाळत होतो. ती म्हणाली, अहो, हे पुलाला नका देऊ, कुणाच्या तरी कुंपणाला द्या. मी म्हटलं, पूल काय आणि कुंपण काय, चार पावलांचं काम आहे.

सर प्रत्येक पोतं फोडून बघायचे. त्या दिवशी बघितलं नाही. मीच दारात उभा राहून म्हटलं, सर, माझ्याकडचा माल आणि तपासताय? लाजवता की काय गरिबाला. गुळव्याच तो. ते हसले आणि हात मागं घेतला.

सातव्या दिवशी पहिला ठोकळा यंत्राखाली ठेवला. यंत्र चालू झालं न झालं तोच तो बसला – फुटला नाही, बसला, चहात बुडवलेल्या टोस्टसारखा. स्लॅबखालचे टेकू अजून काढलेले नव्हते म्हणून नशीब. सरांनी मला निरोप धाडला. मी सोळा थापा तयार करून गेलो. त्यांनी काही विचारलं नाही. हा तिसरा ठोकळा टेबलावर ठेवला, एक खिळा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "यावर तुझं नाव लिही."

मी म्हटलं, सर, वाळलेल्या काँक्रीटवर खिळा चालत नाही.

म्हणाले, "लिहून तर बघ."

चालला. बघ ना तू, हात फिरव – बाकीच्या ठोकळ्यांवरची अक्षरं ओल्यात काढलेली आहेत, कडा गोल आहेत. याची अक्षरं वाळल्यावर ओरखडलेली. लोण्यात चालावा तसा खिळा चालला. माझं नाव लिहून होईतो मला सगळं कळलं होतं. आणि आता भुगा बघ किती पडलाय त्या पोत्यावर, चाळीस वर्षं झाली तरी अजून सुटतोय. वरचं कामाचं नाव तसंच झडून गेलं असणार.

मग पंचांपुढं बैठक. मी सगळ्यात मागं, दाराजवळ, चपलांपाशी. सर उठले आणि म्हणाले, पुलाचा स्लॅब तोडून पुन्हा घालावा लागेल, चूक माझी आहे. एवढंच. कुणी विचारलं, हिशेब चुकला का? म्हणाले, जे बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही. बसले. लोकांनी काय ते समजून घेतलं. सरांची चूक, सरांची चूक – पुढं कित्येक वर्षं त्या पुलाला चुकीचा पूलच म्हणायचे, आठवत असेल तुला, शाळेत चिडवलं असेल पोरांनी. त्या साली सर तंत्रशाळेचे प्राचार्य व्हायचे होते. झाले नाहीत. जन्मभर साधे मास्तर राहिले. मी मनाशी म्हणत आलो, बरंच झालं, प्राचार्य झाले असते तर खुर्चीत बसले असते, मग टाकी कुणी बांधली असती? असं म्हटलं की झोप लागते. बहुतेक वेळा.

बैठकीनंतर मी त्यांच्या पायाशी गेलो. म्हटलं, सर, चूक तर माझी. म्हणाले, "पोत्यात हात घातला नाही ही माझी चूक, ती मी सांगून टाकली. तुझी वेगळी आहे. ती तुझ्याकडंच राहू दे." आणि म्हणाले, उद्यापासून प्रत्येक पोतं गिऱ्हाइकासमोर फोडायचं. मग मला दारातच उभं करून शिकवलं – गार लागलं पाहिजे, मऊ लागलं पाहिजे, जरा तरंगलं पाहिजे.

हो, त्याच त्या तीन परीक्षा. मुलाखतीतल्या.

तिसरा ठोकळा मी ठेवतो, म्हणाले, वाटेल तेव्हा येऊन घेऊन जा. मी तुमच्या अंगणात किती वेळा आलो असेन, तुझ्या लग्नाला आठ दिवस तिथंच होतो. हा नळाखाली असायचा, बादलीखाली. मी दर वेळी बघायचो आणि वहिनींशी गुलाबाबद्दल बोलायचो. त्यांनी एकदा जरी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही. आज तू विचारलंस, ते सर गेल्यावर.

आणि ती फरशी. रविवारची. तंत्रशाळेच्या भिंतीत बसवायची ती माझ्याकडून भेट आहे, ते तुला ठाऊकच आहे. पण तिसरी ओळ – 'ज्यांनी आपली एकमेव चूकही चारचौघांत कबूल केली' – ती प्राचार्यांची नाही. मी सुचवली. शोकसभेत एकानं ते वाक्य म्हटलं, लोकांचे डोळे भरून आले, मला वाटलं छान आहे. खरंच वाटलं मला, पोरी. इतकी वर्षं झाली की आपली थाप आपल्यालाच ओळखू येत नाही.

रडू नकोस. नाही, रडत नाहीस, भुगा उडाला असेल डोळ्यात. माझ्याही.

पाथरवट कोपऱ्यावरच बसतो. दुपारपर्यंत दुसऱ्या ओळीवर होता. त्याला जाऊन सांग, गुळव्या म्हणतो तिसरी ओळ नको. कोरून झाली असली तर तसं सांग, आतल्या खणात तसलीच दुसरी फरशी आहे. आणि या ठोकळ्याची चिठ्ठी लिही – पेन आहे? – काम, कालव्यावरचा पायपूल, पहिला स्लॅब. निकाल, नापास. कारण, भिजलेला माल. माल कुणाचा – पूर्ण नाव लिही माझं. नको, राहू दे, पूर्ण नावानं मला गावात कुणी ओळखत नाही, उगाच भलत्याच माणसावर यायचं. गुळव्याच लिही. आणि रांगेत शेवटी नको ठेवूस. टाकीच्या आधीचा आहे हा, त्याच्या तारखेला ठेव.

उचल आता. दोन्ही हातांनी, खालून धर, कडा सुटतात. जा. नाही, मी रविवारी येणार की नाही ते मला आत्ता विचारू नकोस, गिऱ्हाईक आलंय.

या, बोला साहेब. किती पोती? घ्या, पण जरा थांबा, आधी फोडून दाखवतो. मुलाखतीत? हो, वाचलं असेल तुम्ही. नाही, माझी नाही ती कल्पना. घाला हात आत.